ओबर्नडोर्फ ते लिएज : अडसराचा माग

स्टुटगार्टहून दक्षिणेला सिंगेनकडे निघालेली गाडी होर्ब सोडल्यावर अधूनमधून थांबते आणि समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत बसते. जर्मनीत असं घडलं की आपल्याकडचा माणूस सुखावतो. पण कारण गलथानपणाचं नाही. इथं पूर्वी दुहेरी मार्ग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात आला आणि त्यांनी युद्धाची भरपाई म्हणून एक मार्ग उखडून नेला. त्याच फ्रेंचांनी याच मार्गावरच्या ओबर्नडोर्फ गावातला माउझरचा कारखानाही मोकळा केला, यंत्रं नेली, इमारती पाडल्या. गाडी रखडली म्हणून कुरकुरणाऱ्यांना आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्रांच्या नादी लागलेल्यांना हा इतिहास एकदमच भेटतो.

ओबर्नडोर्फ हे नेकार नदीकाठचं, ब्लॅक फॉरेस्टच्या पूर्व कडेला असलेलं छोटं गाव. स्टेशन आणि कारखान्यांचा भाग खाली दरीत, मूळ गाव वर टेकडीच्या पायरीवर. हे बंदुकांचं गाव झालं ते १८११ मध्ये. वुर्टेंबर्गचा राजा फ्रीडरिश याने बंद पडलेल्या ऑगस्टिनियन मठात शाही बंदूक कारखाना काढायचा हुकूम दिला. साधू गेले, भट्ट्या आल्या. याच कारखान्यातल्या एका कारागिराचं तेरावं अपत्य म्हणजे पाउल माउझर. थोरला भाऊ विल्हेल्म व्यवहार बघायचा, धाकटा पाउल यंत्र. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगातल्या कितीतरी सैन्यांना रायफली पुरवणारं नाव याच गल्ल्यांतून निघालं.

गावचं शस्त्रसंग्रहालय ‘श्वेडनबाऊ’ नावाच्या इमारतीत आहे. स्वीडनने दिलेल्या रायफलींच्या कामाशी हे नाव जोडलेलं. तिकीट देणाऱ्या बाईंनी मला विचारलं, शिकारी आहात का? मशीनच्या मॅन्युअलांतून शिकलेल्या माझ्या जर्मनमध्ये म्हटलं, नाही, मी जिग-फिक्श्चरवाला. भोसरीत आयुष्य गेलं. बंदूक कधी हातात धरलेली नाही, धरायची इच्छाही नाही. पण १८९३ ते १९११ या अठरा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या चार-पाच डोक्यांनी एकाच प्रश्नाची जी वेगवेगळी उत्तरं काढली, ती ज्याने धातू कापून पोट भरलं आहे अशा माणसाने बघितलीच पाहिजेत. पेटंटमधल्या आकृत्यांची चळत पिशवीत घेऊन आलो होतो. काचेमागची वस्तू आणि हातातली आकृती शेजारी धरली की यंत्र बोलायला लागतं.

प्रश्न असा. काडतूस पेटलं की त्याच्या पितळी पुंगळीच्या आत हवेच्या हजारो पट दाब तयार होतो. हा दाब गोळीला पुढं ढकलतो आणि पुंगळीच्या बुडाला मागं. जुन्या रायफलीत मागचं दार, म्हणजे बोल्ट, माणूस हाताने बंद करायचा आणि गोळी सुटल्यावर हातानेच उघडायचा. तोवर दाब केव्हाच ओसरलेला असे. पण बंदुकीनेच आपल्या धक्क्याच्या जोरावर दार उघडून रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, घोडा मागं चढवायचा, नवं काडतूस आत ढकलून दार पुन्हा लावायचं, असं ठरवलं की वेळेचा हिशेब अंगावर येतो. पिस्तुलात गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. तेवढ्यात दार किलकिलं झालं, तर आधार सुटलेली पितळी पुंगळी फाटते आणि तप्त वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणजे तेवढा वेळ अडसर पक्का हवा, आणि लगेच, आपला आपण, हात न लावता सुटायला हवा.

हिरम मॅक्सिमने १८८४ मध्ये धक्क्यावर चालणारी मशिनगन करून हे शक्य आहे हे दाखवलं होतं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली. तीही तितकीच गरजेची होती, कारण जुनी काळी दारू नळीत आणि सांध्यांत इतकी काजळी सोडायची की नाजूक यंत्रणा थोड्या वेळात जाम व्हावी. आता मशिनगनचं वजन तिवई झेलते. तेच सगळं एका मुठीत, किलोभर वजनात कसं बसवायचं, हा पुढचा पेच.

इथल्या लोकांचं उत्तर म्हणजे माउझर सी-९६. मुठीपुढे मॅगझिनची चौकोनी पेटी, झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ, लांब बारीक नळी. जुन्या युद्धपटांत हे पिस्तूल पाहिलं नाही असा माणूस विरळा. ते पाउल माउझरचं मानलं जातं, पेटंटही त्याच्याच नावावर आहे. प्रत्यक्षात ते केलं त्याच्या कारखान्यातल्या फेडर्ले भावांनी. फिडेल फेडर्ले प्रायोगिक विभाग सांभाळायचा. मालकाला आधी हा उद्योग पसंत नव्हता, पुढे पटला. १८९५ मध्ये पहिला नमुना तयार झाला. कारागिराचं डोकं आणि मालकाचं नाव ही पद्धत पिंपरी-चिंचवडने शोधलेली नाही, एवढंच म्हणतो.

आकृतीवर बोट ठेवून पाहिलं की सी-९६ची रचना अशी उलगडते. नळी आणि तिचं मागचं लांबोडकं घर एकाच तुकड्यातून काढलेलं. त्या घरात चौकोनी बोल्ट मागंपुढं सरकतो. खालून एक सुटा ठोकळा वर येऊन आपल्या दातांनी बोल्टच्या पोटातल्या खाचा पकडतो. हाच अडसर. गोळी सुटली की नळी, घर, बोल्ट आणि ठोकळा हे सगळं लटांबर एकत्रच थोडंसं मागं सरकतं. त्या प्रवासात गोळी बाहेर पडून दाब उतरलेला असतो. मग ठोकळ्याला खाली झुकायला जागा मिळते, दात खाचांतून सुटतात, नळी थबकते आणि बोल्ट एकटा मागं धावत राहतो. सगळी गंमत त्या काही मिलिमीटरांच्या सहप्रवासात आहे.

आणि खरी कारागिरी पुढेच आहे. मुठीच्या लाकडी पट्ट्या धरणारा स्क्रू सोडला तर या पिस्तुलाच्या यंत्रणेत एकही स्क्रू नाही, ठोकून बसवलेली पिनही नाही. प्रत्येक भाग दुसऱ्याला धरून ठेवतो, दुसरा तिसऱ्याला. मी काचेला नाक लावून बराच वेळ उभा राहिलो. कौतुक वाटलं आणि धंद्याची खोड म्हणून मनात खर्चही मांडला. या एकेका भागाला किती कोनांतून मिलिंग, किती सेटिंग, किती घासकाम! असा जॉब मला कुणी आणून दिला असता तर मी हात जोडले असते. जर्मन सैन्याने ते आपलं नियमित पिस्तूल म्हणून कधी स्वीकारलं नाही. पहिल्या महायुद्धात तुटवडा पडला तेव्हा मात्र दीड लाखाची मागणी नोंदवली. बाहेरच्या जगात ते धडाक्यात खपलं. १८९८ मध्ये सुदानात ओमदुरमानच्या लढाईत तरुण चर्चिलच्या हातात हेच होतं. आणि २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात क्रांतिकारकांनी रोडा या बंदुका विकणाऱ्या कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६ हजार काडतुसं बैलगाडीतून पळवली, तीही याच जातीची.

पिस्तुलात जमलं ते रायफलीत जमवताना पाउल माउझरला फार मोठी किंमत मोजावी लागली. स्वयंचलित रायफलीच्या एका नमुन्याची चाचणी चालू असताना दार पुरतं लागण्याआधीच काडतूस उडालं आणि त्याचा एक डोळा गेला. अडसर ही आकृतीतली चार रेघांची गोष्ट नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल? पुढेही तो आपोआप भरणाऱ्या रायफलीच्या मागे लागलेला होता. १९१४ मध्ये वारला, पण मनासारखी रायफल काही हाती आली नाही.

संग्रहालयातली माझी दुसरी मुक्कामाची जागा लुगर पिस्तुलाची. हे मूळचं ओबर्नडोर्फचं नाही. त्याचा जन्म बर्लिनचा, आणि १९३० मध्ये त्याचं उत्पादन बर्लिनहून इथं हलवलं गेलं. त्याच्या पोटातली कल्पना ह्यूगो बोर्खार्टची. हा माणूस माग्डेबुर्गमध्ये जन्मला, लहानपणी अमेरिकेत गेला, तिथं बंदुकांच्या कारखान्यांत नाव कमावलं, बुडापेस्टला राहून आला आणि १८९३ मध्ये बर्लिनच्या लुडविग लोवे कंपनीसाठी त्याने व्यवहारात चाललेलं पहिलं सेल्फ-लोडिंग पिस्तूल काढलं. मॅक्सिमच्या मशिनगनमधली टॉगलची युक्ती त्याने मुठीएवढी केली.

टॉगलवर मी जगलो आहे. वेल्डिंगच्या फिक्श्चरवर जो टॉगल क्लॅम्प असतो, तो हाच. दोन दांड्या, मध्ये एक सांधा. दोन टोकांच्या आणि मधली अशा तिन्ही खिळी एका रेषेत आल्या की समोरून कितीही जोर लावा, सांधा हलत नाही. पण मधल्या खिळीला आडवा हलका धक्का दिला की सगळं कोसळतं. ताठ उभ्या माणसाच्या खांद्यावर पोतं दिलं तरी तो पेलतो, पण मागून गुडघ्याच्या खोबणीत कुणी टिचकी मारली तर खालीच बसतो, तसं. लुगरमध्ये मधली खीळ रेषेच्या किंचित खालीच ठेवलेली असते. त्यामुळे सुटलेल्या गोळीचा दाब गुडघा वाकवायच्या ऐवजी उलट आणखी दाबून बसवतो. मग नळीसकट सगळं थोडं मागं सरकतं, टॉगलच्या दोन्ही बाजूंच्या गोल मुठी चौकटीवरच्या उतारांना जाऊन थडकतात, गुडघा वर उचलला जातो आणि दार उघडतं.

बोर्खार्टच्या मूळ पिस्तुलाची स्प्रिंग मागं एका फुगीर घरात होती. त्यामुळे ते हातात मागच्या बाजूला लटकायचं. मात्र मॅगझिन मुठीच्या आत ठेवायची त्याची सूचना अमर झाली. स्विस सैन्याने चाचण्या घेऊन ते आटोपशीर करा म्हणून सांगितलं; बोर्खार्ट अडून बसला, तेव्हा त्याच कंपनीतल्या गेओर्ग लुगरने ते काम उचललं. स्प्रिंग मुठीत गेली, मूठ तिरपी झाली, पिस्तूल देखणं झालं. स्वित्झर्लंडने १९०० मध्ये ते स्वीकारलं, जर्मन आरमाराने १९०४ मध्ये, जर्मन लष्कराने १९०८ मध्ये. नऊ मिलिमीटरचं जे काडतूस आज जगभर चालतं तेही लुगरचंच.

माझं मत विचाराल तर लुगर हे पिस्तूल दिसायला सुंदर आहे, पण यंत्र म्हणून हट्टी आहे. टॉगलला ठरावीक जोरच लागतो. दारू जरा सौम्य असली तर गुडघा पुरता उचलत नाही, जास्त तेज असली तर तो इतक्या वेगाने फिरतो की खालचं काडतूस वर यायला वेळ मिळत नाही. सांधा उघड्यावर, चिखलाला आमंत्रण. बारीक बारीक भागांवरही पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. याचा सरळ अर्थ, याचा भाग त्याला बसेल याची कारखान्याला स्वतःलाच खात्री नव्हती. प्रत्येक नग फिटरने घासून जुळवलेला. युद्धात हे परवडत नाही, आणि अखेर जर्मनीनेच १९३८ मध्ये लुगरची जागा दुसऱ्या पिस्तुलाला दिली.

ओबर्नडोर्फहून मी कोलोनमार्गे बेल्जियममधल्या लिएजला गेलो. आखेन सोडलं की सरहद्द कधी ओलांडली कळतही नाही. लिएजचं गिएमां स्टेशन सांतियागो कालात्रावा या वास्तुकाराने बांधलेलं, २००९ चं. भिंती नाहीत, नुसतं पांढऱ्या पोलादाचं आणि काचेचं प्रचंड छत. तिथून म्यूज नदीच्या काठाने चालत गेलं की लालभडक रंगाचा कुर्तिउस वाडा दिसतो. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा बांधला जाँ कुर्तिउस नावाच्या व्यापाऱ्याने, आणि त्याचा धंदा होता स्पॅनिश फौजांना बंदुकीची दारू पुरवण्याचा! आता या वाड्यासह आजूबाजूच्या इमारती मिळून ‘ग्रां कुर्तिउस’ संग्रहालय झालं आहे आणि शहराचा जुना, १८८५ चा शस्त्रसंग्रह त्यातच सामावला आहे. चित्रकार आँग्रने रंगवलेलं तरुण नेपोलियनचं प्रसिद्ध चित्रही इथंच. त्यासमोर गर्दी असते, पिस्तुलांसमोर नसते. माझ्या पथ्यावरच.

लिएजमध्ये बंदुका होतात त्या ओबर्नडोर्फच्या कितीतरी आधीपासून. नळ्या दाबाला टिकतात की नाही हे तपासून शिक्का मारणारं इथलं चाचणीगृह १६७२ चं आहे. शेजारच्या एर्स्टालमध्ये १८८९ मध्ये फाब्रीक नासिओनाल, म्हणजे एफएन, उभी राहिली ती बेल्जियम सरकारच्या दीड लाख माउझर रायफलींच्या मागणीसाठी. ती मागणी संपल्यावर करायचं काय? १८९७ मध्ये एफएनचा हार्ट बर्ग सायकलच्या व्यवसायाची माहिती काढायला अमेरिकेत गेला आणि परतताना जॉन ब्राउनिंगचं एक छोटं पिस्तूल घेऊन आला. ब्राउनिंग हा युटामधल्या ऑग्डेन गावच्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा.

या पिस्तुलात अडसरच नाही. एफएनचं १९०० सालचं हे मॉडेल पाहताना मला ब्राउनिंगची थोरवी सगळ्यात जास्त जाणवली. माउझर आणि लुगर अडसर कसा करावा यावर झिजत होते, आणि हा माणूस आधी विचारतो, अडसर लागतो तरी कशाला? गोळी आणि मागं जाणारी स्लाइड, म्हणजे इथलं सरकतं दार, एकाच धक्क्याने ढकलली जातात. स्लाइड गोळीच्या पन्नासपट जड असेल, तर गोळी शंभर मिलिमीटर पुढं जाईपर्यंत स्लाइड जेमतेम दोन मिलिमीटर मागं येते. तेवढ्याने पुंगळीचं बूड उघडं पडत नाही. म्हणजे स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढंच पुरे. अट एकच, काडतूस सौम्य हवं. म्हणून त्याने ७.६५ मिलिमीटरचं बेताचं काडतूस आखलं. माउझरची साडेपाच ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या वर जायची, ब्राउनिंगची साडेचार ग्रॅमची तीनशेच्या आसपास. धक्का बराच कमी. भाग कमी, किंमत कमी, खिशात मावणारं. सात लाखांहून अधिक विकली गेली. युरोपात पिस्तुलाला लोक ब्राउनिंगच म्हणायला लागले.

इथं नाशिक आठवणं अटळ आहे. लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. त्यातल्याच एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे व देशपांडे यांना पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली आणि पिस्तुलांचा माग काढत सरकार सावरकरांपर्यंत पोचलं. त्या वेळी युरोपात ब्राउनिंग म्हणजे एर्स्टालचा माल. १९१४ मध्ये सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडवर झाडलं गेलं तेही एर्स्टालचंच, १९१० चं मॉडेल, पुन्हा बिनअडसराचं. काचेमागचा चिमुकला काळा तुकडा बघताना यंत्राचा आनंद थोडा आवरता घ्यावा लागतो.

अमेरिकन सैन्याला मात्र जोरदार, मोठ्या व्यासाचं काडतूस हवं होतं, आणि तिथं ब्राउनिंगलाही अडसर टाळता येईना. त्याने नळीच्या पाठीवर आडव्या कडा काढल्या आणि स्लाइडच्या आतून तशाच खाचा. कडा खाचांत बसल्या की नळी आणि स्लाइड एक झाल्या. थोडं मागं गेल्यावर नळी खाली झुकते, कडा सुटतात, स्लाइड पुढचा प्रवास एकटी करते. कोल्ट कंपनीसाठी त्याने केलेल्या १९०० च्या पिस्तुलात नळीच्या दोन्ही टोकांखाली झुलत्या कड्या होत्या आणि नळी समांतर खाली उतरायची. त्यात एक वाईट खोट होती : स्लाइडला अडवून धरणारी समोरची पाचर तुटली किंवा निसटली, तर स्लाइड थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर येण्याची भीती. ब्राउनिंग अकरा वर्षं यावर घासत राहिला. पुढची कडी काढून टाकली, मागची एकच ठेवली, स्लाइडची वाट मागून बंद केली. १९११ च्या चाचणीत सहा हजार गोळ्या झाडल्या आणि पिस्तूल एकदाही अडलं नाही. २९ मार्च १९११ ला अमेरिकेने ते घेतलं आणि सत्तरहून अधिक वर्षं वापरलं.

एर्स्टालचा कारखाना बाहेरूनच बघावा लागतो. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी ब्राउनिंग याच कारखान्यात हृदयविकाराने गेला. त्याचं अर्धं राहिलेलं पिस्तूल एफएनच्या दिओदोने सेव्हने १९३५ मध्ये पुरं केलं. झुलती कडी गेली, तिच्या जागी नळीच्या खालच्या भागातच तिरकी खाच आली. एक भाग कमी, झिजणारे सांधे कमी.

या गावाची बंदुकांइतकीच मोठी दुसरी एक गोष्ट आहे. एफएनमध्ये यंत्रांवर असे भाग कापणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. १९६६ च्या फेब्रुवारीत सुमारे तीन हजार जणी ‘समान कामाला समान दाम’ म्हणत बाहेर पडल्या आणि बारा आठवडे संपावर राहिल्या. मागितली होती तासाला पाच फ्रँक वाढ, मिळाली पावणेतीन. तरी युरोपभर त्या संपाचं नाव झालं. संग्रहालयांतल्या पाट्यांवर संशोधकांची नावं असतात. मिलिंगवर उभ्या राहिलेल्यांची पाटी मला तरी कुठं दिसली नाही.

सेव्हने पुरं केलेलं ते पिस्तूल, हाय-पॉवर, आपल्याकडे ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालं आणि भारतीय सैन्याच्या अनेक पिढ्यांच्या कमरेला राहिलं. तिरप्या नळीची ती युक्ती आज जगातल्या बहुतेक लष्करी आणि पोलिसी पिस्तुलांत आहे. टॉगल आणि फेडर्ले भावांचा ठोकळा काचेमागे गेले.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगतो. पाट्या ओबर्नडोर्फला जर्मनमध्ये आणि लिएजला प्रामुख्याने फ्रेंचमध्ये असतात, म्हणून पेटंटच्या आकृत्या छापून न्या. त्या कुठल्याही भाषेत वाचता येतात. आणि निघण्याआधी कोणती दालनं उघडी आहेत ते विचारून घ्या, दुरुस्तीसाठी काही भाग बंद असू शकतो. दोन्ही ठिकाणं जमत नसतील तर ओबर्नडोर्फ सोडा आणि लिएजला दोन दिवस द्या.